बेतलेला, ढापलेला आणि शिंप्याचा खडू

प्रश्न आलाय: ‘सिनेमा जुन्या सिनेमावर बेतलेला असतो आणि दुखणं जिवावर बेततं. हे बेतणं एकच का? आणि बेतलेला म्हणजे सभ्य भाषेत ढापलेलाच ना?’

दुसरं आधी. नाही! आणि कृपा करून ‘अमुक सिनेमावरून प्रेरित’ असंही म्हणू नका. रोज कानावर पडतं आणि रोज दात शिवशिवतात. प्रेरित माणूस होतो, सिनेमा कसा होईल? आणि ‘वरून प्रेरित’ हे कुठलं मराठी?

बेत म्हणजे योजना, श्रीखंड-पुरीचा बेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडतो. मजा शिंप्याच्या टेबलावर आहे. कापड बेतणं म्हणजे माप पाहून, खडूने रेघा मारून, चिंधीही वाया न घालवता ते कापणं. हिंदीत याच कामाला ब्योंतना म्हणतात. माझ्या मते मूळ अर्थ हाच; मनसुबे आणि स्वयंपाक मागाहून आले. ‘बेताचा’, ‘बेतास बात’ यांतसुद्धा मापच आहे. माझे एक विद्वान स्नेही हटकून सांगतात, की बेत हा ‘बैत’वरून, म्हणजे कवितेतल्या शेरावरून आला. मग कात्री चालवताना शिंपी कोणता शेर म्हणत होता, तेही त्यांनी सांगून टाकावं.

अंगाला नीट बसणारा जुना सदरा आपण शिंप्याकडे मापाला देतो ना? तो पसरून त्याच्या मापाने नवा कापायचा, हे बेतणं. ‘शोले’तलं (१९७५) ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड पाहा आणि मग इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधलं (१९६८) पाहा. घरची माणसं एकेक करून पडतात, शेवटी एकटं पोर उरतं, बंदूक त्याच्यावर रोखली जाते. मरण दाखवत नाहीत. गोळी सुटते आणि समोर आगगाडी येते. माप तंतोतंत तेच. पण लिओनेच्या गाडीतून नवी नवरी उतरते, ‘शोले’वाल्या रमेश सिप्पींच्या गाडीतून ठाकूर. सदरा दुसऱ्याच अंगावर चढला, आणि पुढची अख्खी गोष्ट बदलली. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) तर ‘बीवी और मकान’वर (१९६६) इतकी झकास बेतली आहे, की मूळ सदरा कुणाला आठवतही नाही.

उलट याच लिओनेने ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’साठी (१९६४) जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘योजिम्बो’ (१९६१) खुंटीवरून काढून तसाच अंगात घातला. दोन टोळ्यांमध्ये अडकलेलं गाव आणि दोघींनाही खेळवणारा उपरा, सगळं जसंच्या तसं. फक्त तलवारीच्या जागी पिस्तूल. प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत कुरोसावांच्या बाजूला जगभरच्या कमाईचे १५ टक्के द्यावे लागले. याला ढापणं म्हणा, उचलणं म्हणा, माझी हरकत नाही. बेतणं म्हणाल तर शिंपी रागावेल.

हो, जिवावर बेतणं राहिलंच. माझ्या समजुतीप्रमाणे तिथेही खडूच आहे: दुखणं असं वाढलं, की कापायची रेघ थेट जिवावर ओढली गेली. म्हणून तर कधी कधी जिवावरचं शेपटीवर निभावतं. कात्री थोडी सरकते.