जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालीस, आता पुढे?

अगं, एम.एस्सी.ची एवढी घाई कशाला? कागदावर हिशोब सोपा आहे: जीएनएम 3 वर्षं, डिप्लोमानंतरची पदवी म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. 2, एम.एस्सी. 2, शिवाय किमान वर्षभराचा अनुभव. झाली 8. मला 14 लागली! लग्न, बाळंतपण, त्यात रजेचा अर्ज दोनदा परत आला. नाइटला तीनच्या सलाइन बदलून झाल्या की औषधांच्या ट्रॉलीवर वही उघडायचे. पानांवर बीटाडिनचे डाग अजून आहेत. तू एवढं कर, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आधी उरक आणि अनुभवाचा दाखला नोकरी सोडतानाच हातात घे. नंतर मेट्रन (मुख्य नर्स) बदलते, फाइल सापडत नाही. माझे चार महिने त्यातच गेले.