गाडीचे प्रश्न : जिम्नी पुढून उचलायची तर

प्रश्न : काका नमस्कार, मी इंदूरच्या सुदामानगरचा, मारुतीची २०२३ ची जिम्नी आहे. सुट्टीला जामगेट, चोरलकडे जाणं होतं आणि पावसाळ्यात त्या काळ्या मातीच्या चाकोऱ्यांत गाडी खालून घासते. दोन इंच उंच कॉइल स्प्रिंगा आणि लांब शॉकअप टाकायचेत. गॅरेजवाला म्हणतो ब्रॅकेट-फिकेट काही लागत नाही, अर्ध्या दिवसात गाडी घेऊन जा. खरंय का?

उत्तर : अर्ध्या दिवसात देईलही, पण आधी खाली वाकून बघ की घासतंय नक्की काय. जिम्नीला पुढेमागे अखंड ॲक्सल आहेत आणि डिफरेन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा गोळा त्या ॲक्सलमध्येच बसलेला, त्यामुळे स्प्रिंग दोन इंच उंच टाक नाहीतर चार, वर जाते ती चॅसी आणि बॉडी, गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, आणि टायर दोन इंचांनी मोठा घेतलास तरी उंची एकच इंच मिळते. चाकोरीतला मधला उंचवटा गोळ्याला लागत असेल तर स्प्रिंगांचे पैसे वाया. पोट किंवा बंपर घासत असेल तर मात्र टाक.

आता ब्रॅकेट. पुढचा ॲक्सल दोन रेडियस आर्मनी, म्हणजे लांब दांड्यांनी, चॅसीला धरलेला आहे, गाडी वर गेली की ते आर्म तिरके होतात, त्यांच्याबरोबर ॲक्सलही किंचित फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, म्हणजे वळल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ना, तेच मंदावतं. गल्लीत कळणारसुद्धा नाही, बायपासवर ऐंशीला गाडी भटकायला लागली की कळेल. उपाय दोन : आर्मचं चॅसीकडचं टोक खाली आणणारे ब्रॅकेट, किंवा आर्ममध्ये ऑफसेट बुश, म्हणजे भोक मधोमध नसलेलं रबरी बुश. ब्रॅकेट खाली लोंबतात, दगडाला पहिले तेच लागतात, म्हणून दोन इंचाला मी बुशच सांगेन.

ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा म्हणजे पॅनहार्ड रॉड, त्याचंही तसंच. उंची वाढली की ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्यासाठी लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घे. लोक इथेपण ब्रॅकेट लावून मोकळे होतात, पण पॅनहार्ड आणि स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) समांतर राहायला हवेत, एकाचाच कोन बदलला तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देणार.

बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळायला सांग, लिफ्टवर लटकलेली असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे समोर उभं राहून करून घे. ॲक्सल पूर्ण खाली लटकलेला असताना ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते बघ, मग अलाइनमेंट, हेडलाइटची उंची.

आणि हो, कायद्याने हा बदल बसत नाही बरं का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेर जाता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विमावालेसुद्धा क्लेमच्या वेळी हेच काढतात.

प्रश्न : स्प्रिंग न बदलता वेटोळ्यांत रबराचे बफर बसवले तर?

उत्तर : स्वस्त आहे म्हणून सगळे विचारतात. ज्या वेटोळ्यांत रबर बसतं ती नीट दबत नाहीत, सगळा भार बाकीच्यांवर येतो आणि गाडी दणके देते. कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्या गाडीला अजिबात लावू नका.