जुना स्पॉयलर डिकीवर बसवताना

कुर्ल्याहून होंडा सिटीचा स्पॉयलर (डिकीवरची पंखासारखी पट्टी) स्वस्तात मिळाला, छान. पण लगेच ड्रिल हातात घेऊ नकोस. आधी डिकीवर नुसता ठेवून बघ. टोकांना फट दिसली तर सरळ परत कर. ओढूनताणून बसवलेला पुढे तडकतोच. जुनी टेप हेअर ड्रायरने गरम कर आणि तंगूसने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) कापत काढ, पट्टीने खरवडलीस तर रंग गेला.

भोकं पाडायचीच असतील तर मास्किंग टेपवर खुणा कर, डिकीच्या झाकणाची आतली मजबुतीची पट्टी नेमकी कुठे येते ते खालून बघ, आधी ३ मिमीचं बिट, मग मोठं. खरं काम त्यानंतरचं. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर आणि रंग लाव, पूर्ण वाळू दे, मग रबरी वॉशर आणि सिलिकॉन. आपल्या पावसात हे टाळलं की रंगाखाली गंजाचे फुगे येतात आणि स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं. (मेकॅनिक 'काही होत नाही' म्हणेल. ऐकू नकोस.) नट फार पिळू नकोस, फायबर चिरतं.

स्पॉयलरमध्ये ब्रेक लाइट असेल तर त्याची वायर डिकीच्या बिजागरीपाशी थोडी ढिली सोड. उघडलेली डिकी आपोआप खाली येऊ लागली, तर स्पॉयलर जड आहे असं समज.