रियाधची ऑफर : मामांचं ऐकायचं की मुलीचं?

ताई, नमस्कार.

चिपळूणहून तुमचं पत्र मिळालं. लेक सिव्हिल इंजिनिअर, तीन वर्षं पुण्यात साइटवर, आणि आता रियाधची ऑफर. दम्माममध्ये उमेदीची वीस वर्षं काढलेले तिचे मामा म्हणतात, "एकट्या बाईनं राहायचा तो देश नव्हे." ती म्हणते, "मामांचा सौदी आता उरला नाही."

लेकीचं बरोबर आहे, पण अर्धंच. मामांच्या काळात बाईला गाडी चालवायला बंदी होती, सिनेमाची थिएटरं नव्हती. 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळले, तिजोरीला झळ बसली. 2016 मध्ये राजपुत्र मोहम्मद बिन सलमान यांनी देशाची तेलावरची मदार कमी करायचा आराखडा, 'व्हिजन 2030', जाहीर केला, पुढच्या वर्षी ते युवराज झाले आणि 2018 मध्ये बायका स्टिअरिंगवर बसल्या. त्याच साली थिएटरंही उघडली.

आता उरलेलं अर्धं. बंदी उठायच्या महिनाभर आधी, गाडीचा हक्क मागत आलेल्या काही बायकांनाच अटक झाली. द्यायचं ते आम्ही देऊ, तुम्ही मागायचं नाही, असा तो कारभार. लेक इन्स्टावर बिनधास्त लिहिते म्हणालात. तिथं ते चालणार नाही. नुसत्या पोस्टपायी लोक तुरुंगात गेलेत.

आणि प्रकल्पही एकाच माणसाच्या मर्जीवर. निओम या महाप्रकल्पात, वाळवंटात 170 किलोमीटर लांबीचं 'द लाइन' शहर वाजतगाजत जाहीर झालं, मग त्याला कात्री लागली. म्हणून पहिला प्रश्न : काम नेमकं कशावर? तुमच्या पत्रात प्रकल्पाचं नावच नाही! रियाधचं जागतिक प्रदर्शन एक्स्पो 2030, सौदीतला 2034 चा फुटबॉल वर्ल्ड कप यांना तारखा आहेत, ती बांधकामं रेंगाळून चालायची नाहीत. निओममधलं काम असेल तर मी दहादा विचार करीन.

इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, कोणाच्या नावावर निघणार, मूळ कंपनीच्या की माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, हे लेखी घ्या. पगारावर टॅक्स नाही, पण खरेदीवर 15 टक्के व्हॅट आहे. डिग्रीचं अटेस्टेशन, म्हणजे सरकारी साक्षांकन, आताच सुरू करा. वरच्या जागा हळूहळू सौदी मुलामुलींकडे जाणार, तेव्हा दोन-तीन वर्षांचाच हिशेब धरा.

या अटींवर मी तिला जाऊ देईन. ऑफर लेटरची सगळी पानं पाठवा, नोटीस पीरियडचं पान विसरू नका. मामांना मात्र दुखवू नका. दम्मामच्या बाजारात शिकलेलं अरबी आहे ना त्यांच्याकडे? जायच्या आधी रोज तासभर तिला शिकवू द्या.