भाऊ फाउंड्रीत फेटलिंगला आहे, खोकला थांबत नाही. हा टीबी की वाळूच्या धुळीचा आजार?

तुम्ही लिहिलंय की भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नऊ वर्षं फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगवरची चिकटलेली वाळू आणि कडा घासून काढायच्या कामाला आहे, चार महिने कोरडा खोकला आहे, जिना चढताना धाप लागते, आणि एक्स-रे बघून डॉक्टरांनी टीबीचा संशय सांगितलाय. तोंडाला रोज रुमाल बांधतो, मग धूळ आत जाईलच कशी, असंही विचारलंय.

रुमालाने अडते ती डोळ्यांना दिसणारी जाड धूळ. ती तशीही नाकात आणि घशात अडकून थुंकीवाटे बाहेर पडते. फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाणारे कण साधारण ५ मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि ते कापडाच्या विणीतून आरपार जातात. साच्याची वाळू म्हणजे बहुतांशी सिलिका. कास्टिंगला चिकटून भाजलेली वाळू ग्राइंडरच्या चाकाखाली दळली जाते, तेव्हा नेमकी ही बारीक धूळ तयार होते. म्हणून मोल्डिंगपेक्षा (साचे बनवण्यापेक्षा) नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) आणि फेटलिंगवाल्यांना धोका जास्त. खात्री करायची असेल तर अंधार पडल्यावर शेडमधले दिवे बंद करून ग्राइंडरच्या पलीकडून आपल्या दिशेने टॉर्च मारायला सांगा. स्वच्छ वाटणाऱ्या हवेत काय तरंगतंय ते दिसेल.

आता तपासणी. सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. त्याचे डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, टीबीचेही बहुधा तिथेच. नुसत्या फोटोवरून गफलत होते ती यामुळे. डॉक्टरांना भावाने कुठल्या खात्यात किती वर्षं काम केलं ते कागदावर लिहून द्या: फेटलिंग किती, नॉकआउट किती, भट्टीचं लायनिंग (आतलं अस्तर) फोडायला कधी लावलं होतं का. हे सांगितल्याशिवाय सिलिकोसिसचा विचारच होत नाही. टीबीसाठी थुंकीची सीबीनॅट तपासणी, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसाची ताकद मोजणं) आणि सिलिकोसिस बघण्यासाठी आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) पद्धतीने एक्स-रेचं वाचन, या तिन्ही गोष्टी मागा. दोन्ही आजार एकत्रही असतात, कारण सिलिकाने दुखावलेल्या फुप्फुसात टीबी सहज रुजतो. टीबी निघाला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सिलिकोसिस सोबत असेल तर ते नेहमीपेक्षा जास्त महिने द्यावं लागू शकतं, तेव्हा मधेच सोडू नका. सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही, आणि काम सोडल्यावरही तो वाढू शकतो. पण धुळीत राहिलं तर तो जोराने वाढतो, म्हणून निदान होईपर्यंत भावाला मशीन शॉप किंवा डिस्पॅचला बदली मागू द्या. बिडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद.

लायनिंगचं मुद्दाम विचारलं. इंडक्शन (विजेवर चालणाऱ्या) भट्टीच्या आत ठोकून बसवलेला अस्तराचा माल, म्हणजे रॅमिंग मास, बहुतेक सिलिकाचाच असतो. वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेने त्यातल्या क्वार्ट्झचा काही भाग क्रिस्टोबलाइट, म्हणजे सिलिकाचंच दुसरं रूप, होतो, आणि तोही फुप्फुसाला तितकाच घातक आहे. जुनं लायनिंग हातोडी-छिन्नीने फोडायला सुट्टीच्या दिवशी ठेक्याची पोरं भट्टीत उतरवतात, ती खानापूर-चंदगडकडची असोत की बिहार-ओडिशाची. माझ्या मते अख्ख्या फाउंड्रीत सगळ्यात वाईट काम हेच. काही भट्ट्यांना अख्खं लायनिंग बाहेर ढकलणारा हायड्रॉलिक पुशर बसवता येतो. तो नसेल तर निदान हवेच्या नळीचं हेल्मेट हवंच.

शेडमध्ये काय बदलायला हवं, तर पहिला नंबर धूळ उडते तिथेच ओढून घेण्याचा. ग्राइंडरला हूड (धूळ ओढणाऱ्या पाईपचं तोंड) असतो, पण तो जॉबपासून, म्हणजे घासायच्या तुकड्यापासून लांब असतो, सगळं बिघडतं ते इथे. उघड्या पाईपच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर पडलं की ओढ साधारण दहा टक्क्यांवर येते. म्हणजे ६ इंची पाईप जॉबपासून ६ इंचांवर गेला की जवळपास निरुपयोगी. उदबत्ती पेटवून चाकाजवळ धरा. धूर हूडकडे सरळ गेला नाही तर ओढ पुरत नाही. मग बॅग फिल्टर तुंबलाय का, डक्टला भोक पडलंय का, ते बघायला लावा. उकाड्यासाठी लावलेला पेडेस्टल फॅन त्याच धुळीला शेजारच्याच्या तोंडावर नेतो, त्याची दिशा बदला. कोरडा झाडू आणि कपडे झटकायला कॉम्प्रेसरची हवा, दोन्ही बंद. झाडण्याआधी पाणी शिंपडा, मात्र ओतकाम, लॅडल (वितळलेला धातू नेण्याचं भांडं) आणि भट्टीच्या आसपास अजिबात नाही. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडलं तर स्फोट होतो. कास्टिंग साच्यात पुरतं गार होऊ दिलं तर नॉकआउटची धूळही कमी उडते.

मास्क या सगळ्यानंतर. त्यावर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी२ (गाळण्याचा दर्जा) छापलेलं हवं, पट्टे कानाला नव्हे तर डोक्यामागून जाणारे दोन. दाढी असेल तर कडेने गळतो. श्वास जड वाटू लागला की नवा. दिवसभर ग्राइंडिंग असेल तर फिल्टर बदलता येणारा रबरी हाफ मास्क चांगला.

पैशांचं आणि हक्काचं: १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेपर्यंत सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) यादीतही तो व्यावसायिक आजार म्हणून आहे, म्हणजे कामावरच्या अपघातासारखाच त्याचा लाभ मिळतो. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ठेकेदाराकडच्या कामगारालाही ईएसआय लागू होतो. भावाचा ईएसआय नंबर, पगाराच्या पावत्या, गेट पास आणि जुने एक्स-रे एका पिशवीत ठेवा. आधी दुसऱ्या फाउंड्रीत होता तर तिथलेही, कारण धुळीतलं सगळ्या वर्षांचं काम शाबीत करायला हेच लागतं. मालक ऐकत नसेल तर कर्नाटकच्या कारखाने व बॉयलर खात्याकडे लेखी अर्ज द्या. अर्जात नुसती "धूळ फार आहे" अशी तक्रार नको. कुठलं मशीन, किती जण, हूड चालू की बंद, शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली, हे लिहा. अर्ज कन्नडमध्ये लिहून घेतलात तर कचेरीत लवकर हलतो. शिक्क्याची पोच मात्र घेतल्याशिवाय उठू नका.