पगार तीन लाख, शिल्लक पावणेदोन महिन्यांची

फोंड्याहून एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ४१, वेर्ण्याच्या औषध कंपनीत नोकरी, हातात पडणारा पगार १ लाख ९० हजार. पत्नी ३८ वर्षांच्या, उच्च माध्यमिक विद्यालयात शिक्षिका, त्यांचे १ लाख १० हजार. दोन मुले, गावच्या घरी आईवडील. ते लिहितात: ‘घरात महिन्याला तीन लाख येतात. नातेवाईक आम्हाला श्रीमंत समजतात. आम्हाला मात्र वीस तारखेनंतर हात आखडता घ्यावा लागतो आणि चवथीच्या महिन्यात क्रेडिट कार्ड काढावे लागते. पर्वरीला सव्वा कोटीचा तीन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे. २५ लाख पीएफमधून काढू, एक कोटी कर्ज घेऊ, फोंड्याचा फ्लॅट १८ हजारांनी भाड्याला देऊ. भाडे पत्नीच्या नावावर दाखवले तर करही वाचेल. मोपा विमानतळामुळे भाव वाढतच जाणार. घ्यावा का?’

नको. कारणे पुढे सांगतो, ती थांबू शकतात. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात ते मात्र थांबू शकत नाही: ‘गेल्या महिन्यात बँकेतल्या साहेबांनी सुचवलेली हमी परताव्याची योजनाही घेतली. वर्षाला ३ लाख, १० वर्षे भरायचे, विसाव्या वर्षी ६६ लाख. पॉलिसी या महिन्याच्या ७ तारखेला ई-मेलवर आली, बाँड (छापील पॉलिसी) अजून यायचा आहे.’

बाँडची वाट पाहू नका. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात, आणि दस्तऐवज ई-मेलने आला तरी दिवस तिथूनच मोजतात. म्हणजे पुढच्या महिन्याची ६ तारीख ही तुमची शेवटची तारीख. ती टळली तर भरलेले तीन लाख जवळपास पूर्ण परत येण्याचा मार्ग बंद होतो.

आता परत का करायची ते. ३० लाखांचे ६६ लाख म्हणजे दुपटीहून जास्त, असे तुम्हाला सांगितले गेले. पैसा किती वर्षे अडकला हे कोणी सांगितले नाही. पहिला हप्ता २० वर्षे, शेवटचा ११ वर्षे. हिशेब केला तर परतावा वर्षाला सुमारे ५.२ टक्के पडतो. तेच वर्षाचे तीन लाख तुम्ही दोघांनी आपापल्या पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खात्यात दीड-दीड लाख असे १० वर्षे भरले, नंतर खाती किमान ५०० रुपये भरून चालू ठेवली आणि १५ वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतली, तर आजच्या ७.१ टक्क्यांनी विसाव्या वर्षी साधारण ८८ लाख होतात. दर बदलू शकतो, मान्य. पण २२ लाखांची दरी भरून निघेल इतका तो घसरायला हवा. बँकेत ओळखीच्या माणसाने समोर बसवून अशी योजना गळ्यात मारावी, याची चीड येते. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात, एवढाच तुमचा दोष.

अर्ज विमा कंपनीकडे करायचा, बँकेकडे नाही. बँक इथे फक्त विक्रेती आहे, करार कंपनीशी झाला आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर ई-मेल पाठवा: पॉलिसी क्रमांक, दस्तऐवज मिळाल्याची तारीख, ‘फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करत आहे’ हे एक वाक्य आणि न पटलेली अट. सोबत ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक. शिवाय पणजीला किंवा मडगावला कंपनीची शाखा असेल तिथे कागद देऊन तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या. फोनवर सांगितलेले धरू नका. बँकेतून फोन येईल: ‘सर, एक वर्ष तरी चालवा’, ‘हप्ता कमी करून देतो’. अशा बोलण्यात तारखा निघून जातात. मुद्रांक शुल्क, तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी रक्कम खात्यात येते. टाळाटाळ झाली तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवर, त्यानंतर विमा लोकपालाकडे.

तुम्ही लिहिलेल्या जुन्या तीन पॉलिसींना (हप्ता वर्षाला दीड लाख) हात लावू नका. त्या चार-पाच वर्षांत पिकतील, आणि सुरुवातीच्या वर्षांतले जबर कमिशन कधीच कापले गेले आहे. पण त्यांचे विमासंरक्षण पाहा: तिन्ही मिळून १८ लाख. गृहकर्ज बाकी आहे ४२ लाख! उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर विम्याच्या पैशांतून अर्धे कर्जही फिटत नाही आणि ४८ हजारांचा हप्ता एकट्या शिक्षिकेच्या पगारावर येतो. वर्षाला साडेचार लाख हप्ते भरणाऱ्या घराची ही अवस्था आहे. याच आठवड्यात टर्म इन्शुरन्सचे (निव्वळ जीवनविमा, बचत नाही) अर्ज भरा: तुमचा दोन कोटींचा, पत्नीचा पाऊण कोटीचा, साठीपर्यंत. तब्येत चांगली असेल तर दोघांचे मिळून वर्षाला साधारण ६० हजार. तंबाखू, बीपी, साखर असेल ते सगळे अर्जात लिहा. लपवले तर दावा तिथेच अडतो.

आता श्रीमंत का वाटत नाही ते. तुमचे आकडे मांडले: गृहकर्ज ४८ हजार, गाडी २२, सगळ्या पॉलिसी महिन्याला साडेसदतीस, फोन-फ्रिजचे हप्ते १५. म्हणजे १ लाख २२ हजारांवर पगार येण्याआधीच सही झालेली आहे. घरखर्च ७०, शाळा-शिकवणी ३०, आईवडिलांची औषधे १२. एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) २०. उरलेल्या ४५ हजारांचा हिशेब पत्रात नाही; तीन महिने लिहून काढा. बचत खात्यात ४ लाख आहेत. एसआयपी सोडून खर्च २ लाख ३४ हजार, म्हणजे पगार थांबला तर पावणेदोन महिने. तुम्हाला जे वाटते ते अगदी बरोबर वाटते. नातेवाईक पगार बघतात, तुम्ही वीस तारखेची शिल्लक बघता.

या गणितात पर्वरीचा फ्लॅट घालू. एक कोटी, २० वर्षे, साडेआठ टक्के: हप्ता ८७ हजार. सही झालेले पैसे २ लाख १० हजारांवर जातात. उरले ९०, त्यात भाड्याचे १८ धरून १ लाख ८ हजार; समोर खर्च घर, शाळा, औषधे मिळून १ लाख १२ हजार. एसआयपी बंद करूनही वजा चार हजार. मुद्रांक आणि नोंदणी शुल्क, फर्निचर वेगळेच. शिवाय पीएफचे २५ लाख: सध्याचा ८.२५ टक्के दर टिकला तर ५८व्या वर्षी ते सुमारे ९५ लाख होतात. त्यांना हात लावू नका. भाव वाढले तरी वाढलेल्या भावातून महिन्याचा हप्ता भरता येत नाही.

परत आलेले तीन लाख बचतीत टाका, सात होतील. नवी पॉलिसी गेल्यावर महिन्याचे २५ हजार सुटतात, त्यातले पाच टर्मला. गाडीचे १४ हप्ते उरलेत, ते संपले की आणखी २२ सुटतील. पावणेदोन वर्षांत साडेबारा लाख, म्हणजे तोवर उतरलेल्या खर्चाचे सहा महिने, मुदत ठेवीत जमा होतात. मग पीपीएफ, त्यानंतर फ्लॅटचा विचार. आरोग्य विमा फक्त कंपनीचा आहे. नोकरी गेली की तोही जातो, म्हणून घराचा स्वतंत्र घ्या.

आणि भाडे पत्नीच्या नावावर दाखवण्याचे: गोव्यात ते चालत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेखाली, लग्नाआधी वेगळा करार नसेल, तर मालमत्ता दोघांची सामाईक. आयकर कायद्यानुसार (१९६१ च्या कायद्यात हे कलम ५अ) भाडे, व्याज, भांडवली नफा पतिपत्नींत निम्मा-निम्मा धरला जातो. पगार ज्याचा त्याचा. तुम्ही दोघांनी ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ भरल्याचे लिहिले आहे. ठेवीचे व्याज असे वाटायचे असताना तो फॉर्म चालत नाही; आयटीआर-२ मध्ये परिशिष्ट ५अ भरावे लागते. मागचे रिटर्न घेऊन सीएकडे जा आणि जे दुरुस्त करता येतील ते करून घ्या. पण आधी तो ई-मेल पाठवा.