जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांना मानवजातीचे उपकारकर्ते म्हणावे की युद्धगुन्हेगार?

हा प्रश्न दरवर्षी त्यांच्याच नावाची, अमोनिया बनवण्याची 'हेबर पद्धत' शिकवताना माझ्यापुढेही उभा राहतो. माझे उत्तर असे की, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण एकीची दुसरीतून वजाबाकी करता येत नाही.

हवेत नायट्रोजन मुबलक असला तरी पिकांना तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील तिहेरी बंध सहजी तुटत नाही. 1909 मध्ये कार्ल्सरूह येथे हाबर यांनी प्रचंड दाबाखाली, ऑस्मियम हा उत्प्रेरक वापरून, त्या नायट्रोजनपासून द्रवरूप अमोनिया थेंबाथेंबाने सलग मिळवून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी 1913 मध्ये ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा केला. आपल्या शेतकऱ्याच्या घरी युरियाचे जे पोते असते, त्यात 46 टक्के नत्र असते, आणि ते याच वाटेने आलेले असते.

पुढे पहिल्या महायुद्धात चिलीहून येणारा सोरा, म्हणजे स्फोटकांना लागणारे नायट्रेट, बंद झाल्यावर जर्मनीने याच अमोनियापासून स्फोटके बनवली, पण त्याचा दोष मी एकट्या हाबर यांना देणार नाही. क्लोरीनची गोष्ट मात्र वेगळी आहे. वायू वापरण्यासाठी त्यांनी स्वतः पुढाकार घेतला, आघाडीवर जाऊन खंदकांत नळकांडी पुरून घेतली, अनुकूल वाऱ्याची वाट पाहिली, आणि 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्रजवळ दीडशे टनांच्या आसपास क्लोरीन सोडण्यात आला. तो कोणी त्यांच्या शोधाचा केलेला दुरुपयोग नव्हता. ती त्यांची स्वतःची निवड होती, आणि तिचे समर्थन त्यांनी पुढेही केले.

2 मे रोजी त्यांच्या पत्नी क्लारा इमरवार, ज्या स्वतः रसायनशास्त्राच्या डॉक्टरेट होत्या, त्यांनी पतीच्याच पिस्तुलाने आत्महत्या केली. ती वायुयुद्धाच्या निषेधार्थच होती, असे सर्रास लिहिले जाते, पण त्यावर इतिहासकारांचे एकमत नाही. हाबर मात्र लगोलग पूर्व आघाडीवर निघून गेले.

1918 चे नोबेल त्यांना अमोनियासाठी मिळाले, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला, आणि तो मला रास्त वाटतो. 1933 मध्ये ते प्रमुख असलेल्या बर्लिनमधील संस्थेतील ज्यू सहकाऱ्यांना काढून टाकण्याचा नाझी सरकारचा हुकूम आला, तेव्हा जन्माने ज्यू असलेल्या हाबर यांनी राजीनामा दिला. 1934 च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांचे निधन झाले. क्लारा यांच्या अस्थीही पुढे हाबर यांच्या इच्छेनुसार बर्लिनहून तिथे आणून त्यांच्याशेजारी पुरण्यात आल्या.